ग्राफिक्स कार्डांचे युद्ध : लढाई चित्रांची, विजय गणिताचा

संगणकावरील खेळांची चित्रे कोण अधिक वेगाने रंगवतो, यावरून तीस वर्षांपूर्वी एक स्पर्धा सुरू झाली. तिचा निकाल मात्र चित्रांवर लागला नाही. एनव्हिडिया आणि एटीआय-एएमडी यांच्यातील या दीर्घ संघर्षाचा आणि त्यातून भारतापुढे उभ्या राहिलेल्या प्रश्नाचा हा वेध.

२९ ऑक्टोबर २०२५ रोजी अमेरिकेच्या शेअर बाजारात एनव्हिडिया या कंपनीचे बाजारमूल्य पाच लाख कोटी डॉलरवर पोहोचले. हा टप्पा गाठणारी ती जगातील पहिलीच कंपनी ठरली. त्याच महिन्याच्या आरंभी तिची जुनी प्रतिस्पर्धी एएमडी हिने चॅटजीपीटीच्या निर्मात्या ओपनएआय या कंपनीशी एक मोठा करार जाहीर केला होता. त्यातील एक तरतूद विलक्षण होती. ओपनएआयने ठरलेल्या टप्प्यांनुसार एएमडीच्या चिप घेतल्या आणि अन्य अटी पूर्ण झाल्या, तर एएमडीचे १६ कोटींपर्यंत शेअर, म्हणजे कंपनीचा सुमारे दहावा हिस्सा, तिला जवळजवळ फुकटात मिळावा, अशी ही तरतूद. गिऱ्हाईक टिकावे म्हणून दुकानदाराने मालावर सूट द्यावी, हे आपल्या परिचयाचे आहे. येथे दुकानाचाच दहावा हिस्सा देऊ केला गेला.

या दोन बातम्या एकत्र वाचल्या की स्पर्धा कोणत्या थराला पोहोचली आहे, याची कल्पना येते. जॉन पेडी रिसर्च या संस्थेच्या आकडेवारीनुसार २०२५च्या दुसऱ्या तिमाहीत वैयक्तिक संगणकांसाठी बाजारात गेलेल्या स्वतंत्र ग्राफिक्स कार्डांपैकी ९४ टक्के एनव्हिडियाची होती, तर एएमडीच्या वाट्याला अवघे सहा टक्के आले. दोन दशकांपूर्वी हेच दोन पक्ष जवळपास तुल्यबळ होते. मग असे काय घडले? एनव्हिडियाची कार्डे सरस होती, हे त्याचे नेहमी दिले जाणारे उत्तर. ते अर्धेच खरे आहे. अनेक वर्षे दुसऱ्या बाजूची कार्डेही तितकीच सरस होती, काही वेळा तर अधिक सरस आणि अधिक स्वस्त होती. तरीही ती बाजू मागे पडली. त्याचे कारण समजून घ्यायचे, तर हे कार्ड करते तरी काय, येथून सुरुवात करावी लागेल.

ठिपक्यांची रांगोळी

संगणकाच्या पडद्यावरील चित्र हे ठिपक्यांचे बनलेले असते. १९२० गुणिले १०८० अशा नेहमीच्या पडद्यावर २० लाखांहून अधिक ठिपके असतात. खेळातील हालचाल सलग दिसायची, तर सेकंदाला साठ वेळा हे सारे ठिपके नव्याने रंगवावे लागतात. म्हणजे दर सेकंदाला बारा कोटींहून अधिक वेळा कोणत्या ठिपक्याचा रंग कोणता, याचा हिशेब करावा लागतो. हिशेब तसा सोपा असतो. पण तो असंख्य वेळा, आणि एकाच वेळी करायचा असतो.

मैदानभर पसरलेली ठिपक्यांची रांगोळी काढायची असेल, तर एकटा निष्णात कलावंत दिवसभर वाकून राहील. पण हजार शाळकरी मुलांना थोडे थोडे ठिपके वाटून दिले, तर तीच रांगोळी घटकाभरात पूर्ण होईल. संगणकाचा मुख्य प्रोसेसर हा त्या निष्णात कलावंतासारखा असतो, तर ग्राफिक्स चिप म्हणजे ती हजार मुले. या मुलांना रांगोळीखेरीज दुसरे काही काम देता येईल का, आणि द्यायचे झाल्यास ते त्यांना कोणत्या भाषेत सांगायचे, या दोन प्रश्नांत पुढचा सगळा इतिहास सामावलेला आहे.

पहिला धडा : थ्रीडीएफएक्स

एनव्हिडियाची स्थापना १९९३ची. जेन्सन हुआंग, ख्रिस मालाचोव्स्की आणि कर्टिस प्रीम या तीन अभियंत्यांनी कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथील एका साध्या उपाहारगृहात बसून कंपनीचा बेत आखला. १९९५मध्ये आलेली तिची पहिली चिप मात्र साफ आपटली. ही चिप वक्र पृष्ठभागांच्या आधारे चित्र रचत असे. इतरांनी, आणि पुढे मायक्रोसॉफ्टनेही, त्रिकोणांच्या रचनेचा मार्ग स्वीकारला. त्या वेळी एनव्हिडियाकडे जपानच्या सेगा कंपनीचे काम होते. आपले तंत्र चुकले आहे, ते पूर्ण करून उपयोग नाही, पण पैसे मिळाले नाहीत तर कंपनी बुडेल, असे हुआंग यांनी सेगाला सरळ सांगितले. सेगाने ५० लाख डॉलर दिले आणि कंपनी तगली. हा प्रसंग स्वतः हुआंग यांनी जाहीर भाषणात सांगितला आहे.

त्या काळात या क्षेत्राची सम्राज्ञी होती थ्रीडीएफएक्स ही कंपनी. १९९६मध्ये आलेल्या तिच्या 'व्हूडू' कार्डाने घरगुती संगणकावरील खेळांचे रूपच पालटून टाकले. तिचे बळ केवळ चिपमध्ये नव्हते. खेळ लिहिणाऱ्यांसाठी तिने 'ग्लाइड' नावाची स्वतःची आज्ञा-प्रणाली दिली होती. ग्लाइडमध्ये लिहिलेला खेळ फक्त व्हूडू कार्डावर खुलून दिसे. साहजिकच खेळणारे व्हूडू घेत आणि खेळ लिहिणारे ग्लाइडमध्ये लिहीत. हे चक्र काही वर्षे उत्तम फिरले.

ते थांबले ते मायक्रोसॉफ्टमुळे. विंडोजच्या मालकाने 'डायरेक्टथ्रीडी' ही सर्व कार्डांना समान अशी भाषा रुजवली. त्यात लिहिलेला खेळ कोणत्याही कंपनीच्या कार्डावर चाले. ग्लाइडचा बालेकिल्ला ढासळला आणि लढाई केवळ चिपच्या वेगावर आली. त्यात थ्रीडीएफएक्सने एसटीबी ही कार्डे बनवणारी कंपनी विकत घेऊन आणखी एक चूक केली. तोवर तिच्या चिप घेणारे कार्ड-उत्पादक तिचे ग्राहक होते. या खरेदीने ते एका रात्रीत तिचे प्रतिस्पर्धी झाले. डिसेंबर २०००मध्ये थ्रीडीएफएक्सची बहुतांश मालमत्ता एनव्हिडियाने विकत घेतली. कार्ड कितीही चांगले असले, तरी कार्डाशी बोलण्याची भाषा ज्याच्या हाती, त्याच्या हाती बाजार, हा या प्रकरणाचा धडा होता. एनव्हिडियाने तो किती खोलवर गिरवला, हे पुढे दिसले.

दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ

रणांगणात आता दोघेच उरले. एनव्हिडियासमोर उभी होती एटीआय, कॅनडातील टोरांटोलगतच्या मार्कम येथील १९८५ची कंपनी. १९९९मध्ये आलेल्या 'जीफोर्स २५६' या कार्डाची जाहिरात करताना एनव्हिडियाने 'जीपीयू' हा शब्द रूढ केला. २००२मध्ये एटीआयच्या 'रेडिऑन ९७०० प्रो'ने तिला सपशेल मागे टाकले. एनव्हिडियाचे त्यावरील उत्तर, 'जीफोर्स एफएक्स', उशिरा आले. आणि त्याचा पंखा इतका गोंगाट करी की कंपनीने स्वतःच त्यावर एक विनोदी चित्रफीत काढली.

ही स्पर्धा नेहमीच धुतल्या तांदळासारखी होती, असे नाही. २००१मध्ये एटीआयच्या सॉफ्टवेअरची एक चलाखी उघडकीस आली. 'क्वेक थ्री' हा लोकप्रिय खेळ सुरू झाला की हे सॉफ्टवेअर त्याच्या नावावरून तो ओळखी आणि चित्राची प्रत किंचित उतरवून वेग वाढवी. परीक्षकांनी खेळाच्या नावातील एक-दोन अक्षरे बदलली आणि वेग घसरला. दोन वर्षांनी एनव्हिडियाचीही तीच गत झाली. '३डीमार्क०३' ही वेग मोजण्याची चाचणी चालू आहे, हे तिचे सॉफ्टवेअर ओळखत असल्याचे चाचणीच्या निर्मात्यांनीच २००३मध्ये दाखवून दिले. परीक्षक आल्याचे पाहून वर्ग नीटनेटका करणाऱ्या शाळेसारखाच हा प्रकार.

तरीही या चुरशीचा फायदा ग्राहकाला होत होता, हे मान्य करायला हवे. २००८च्या जूनमध्ये एनव्हिडियाने 'जीटीएक्स २८०' हे कार्ड ६४९ डॉलरना आणले. काही दिवसांतच प्रतिस्पर्ध्याचे 'रेडिऑन एचडी ४८७०' २९९ डॉलरना आले. वेगात ते थोडेच मागे होते. परिणामी काही आठवड्यांत एनव्हिडियाला आपली किंमत ४९९ डॉलरवर आणावी लागली. तुल्यबळ प्रतिस्पर्धी असण्याची किंमत कंपन्या मोजतात आणि लाभ ग्राहकाच्या पदरात पडतो, याचे याहून स्वच्छ उदाहरण क्वचितच मिळेल.

एकाच वर्षातील दोन निर्णय

परंतु २००८मधील हा विजय साजरा होत असताना युद्धाचा निकाल लावणारे निर्णय होऊन गेलेले होते. दोन्ही निर्णय २००६चे.

पहिला निर्णय एएमडीचा. इंटेलशी झुंजणाऱ्या या प्रोसेसर-उत्पादक कंपनीने जुलै २००६मध्ये एटीआय विकत घेण्याचे जाहीर केले. किंमत होती ५.४ अब्ज डॉलर आणि त्यासाठी सुमारे अडीच अब्ज डॉलरचे कर्ज. मुख्य प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप पुढे एकाच सिलिकॉनवर नांदतील, हा त्यामागील विचार दूरदृष्टीचा होता, आणि कालांतराने तो खराही ठरला. पण वेळ चुकली. त्याच सुमारास इंटेलने नव्या प्रोसेसरच्या जोरावर एएमडीला मागे ढकलले. २००७मध्ये एएमडीला तीन अब्ज डॉलरहून अधिक तोटा झाला. कर्जाच्या ओझ्याखाली घरातील भांडी विकायची पाळी आली. हातात धरायच्या उपकरणांसाठीचा ग्राफिक्स विभाग २००९मध्ये क्वालकॉमला अवघ्या साडेसहा कोटी डॉलरना विकला गेला. क्वालकॉमने या चिपना 'अॅड्रिनो' असे नाव दिले. 'रेडिऑन' या शब्दाची इंग्रजी अक्षरे फिरवली की हेच नाव तयार होते. आज कोट्यवधी अँड्रॉइड फोनमध्ये हीच चिप आहे.

दुसरा निर्णय एनव्हिडियाचा. नोव्हेंबर २००६मध्ये 'जीफोर्स ८८००' या कार्डासोबत तिने 'कुडा' ही प्रणाली जाहीर केली. रांगोळी काढणाऱ्या मुलांना कोणतेही गणित सांगता येईल, अशी ही भाषा होती. आणि ती बहुसंख्य प्रोग्रामरना परिचित असलेल्या 'सी' भाषेच्या धाटणीची होती. तिचे प्रमुख शिल्पकार इयान बक हे स्टॅनफर्ड विद्यापीठात याच विषयावर संशोधन करून एनव्हिडियात आले होते. पुढे कंपनीने आपल्या प्रत्येक कार्डात, अगदी स्वस्तातल्या कार्डातही, ही सोय ठेवली. खेळ खेळणाऱ्या मुलांनी ती मागितली नव्हती. चिपवरील जागा आणि खर्च वाढत होता, नफा कमी होत होता, आणि २००८च्या मंदीत कंपनीचा शेअरही गडगडला. तरी तिने हट्ट सोडला नाही.

कल्पना एकट्या एनव्हिडियाला सुचली होती, असे मुळीच नाही. प्रथिनांच्या घड्यांचा अभ्यास करणाऱ्या स्टॅनफर्डच्या 'फोल्डिंग अॅट होम' या प्रकल्पाने ऑक्टोबर २००६मध्ये ग्राफिक्स कार्डांचा उपयोग सुरू केला, तो एटीआयच्या कार्डांवर. एटीआयने त्याच वर्षी 'क्लोज टू मेटल' ही प्रणालीही दिली. पण ती वापरायला अतिशय अवघड होती. मग 'स्ट्रीम' आले, नंतर सर्वांसाठी खुल्या असलेल्या 'ओपनसीएल'वर भिस्त ठेवण्यात आली आणि २०१६मध्ये 'रॉकएम' आले. दर काही वर्षांनी भाषा बदलत गेली. कर्जबाजारी घरात जो विभाग आज पैसा आणत नाही, त्याच्यावर खर्च करण्याची ऐपत नव्हती, हे त्याचे उघड कारण. दुसरे कारण कमी बोलले जाते. रॉकएम बराच काळ एएमडीच्या बहुतेक घरगुती कार्डांवर अधिकृतपणे चालतच नव्हते. कुडा मात्र वसतिगृहातल्या मुलाने खेळासाठी घेतलेल्या कार्डावरही चालत असे. तो मुलगा उद्या संशोधक होणार होता.

टोरांटोतील निकाल

आणि झालेही तसेच. २०१२मध्ये टोरांटो विद्यापीठातील अॅलेक्स क्रिझेव्स्की, इल्या सुत्स्केव्हर आणि त्यांचे मार्गदर्शक जेफ्री हिंटन यांनी छायाचित्रातील वस्तू ओळखण्याच्या 'इमेजनेट' या जागतिक स्पर्धेत भाग घेतला. त्यांच्या पद्धतीतील चुकांचे प्रमाण १५.३ टक्के होते. दुसऱ्या क्रमांकाचे होते २६.२ टक्के. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आजच्या युगाचा प्रारंभ बहुतेक अभ्यासक येथून धरतात. बारा लाख चित्रे वापरून हे शिक्षण दिले गेले ते महासंगणकावर नव्हे, तर खेळांसाठी विकल्या जाणाऱ्या दोन 'जीटीएक्स ५८०' कार्डांवर. पाच-सहा दिवस ती कार्डे सलग चालली. दोन्ही कार्डे एनव्हिडियाची होती.

एटीआयचे माहेर मार्कम हे टोरांटोला लागूनच आहे. आपल्याच अंगणात इतिहास घडत असताना त्याला लागणारे हत्यार दूर कॅलिफोर्नियातून आले. कारण त्या विद्यार्थ्याला लिहिता येईल अशी भाषा त्याच हत्याराला होती. या घटनेत दैवाचा भाग आहेच. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी म्हणून कुडा जन्माला आलेली नव्हती. पण संधी आली त्या दिवशी दार उघडे असलेले घर एकच होते, हेही तितकेच खरे.

नियतीचा आणखी एक खेळ 'एचबीएम' या एकावर एक रचलेल्या वेगवान मेमरीचा. एएमडीने दक्षिण कोरियातील एसके हायनिक्सच्या सहकार्याने ती विकसित केली आणि २०१५मध्ये 'फ्युरी एक्स' या कार्डात प्रथम वापरली. कार्ड फारसे चालले नाही. आज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या महागड्या चिपना या मेमरीवाचून चालत नाही, आणि तिच्या जोरावर सर्वाधिक कमाई केली ती एनव्हिडियाने. जानेवारी २०२५मध्ये संपलेल्या आर्थिक वर्षात एनव्हिडियाची उलाढाल १३०.५ अब्ज डॉलर झाली. त्यातील ११५.२ अब्ज डॉलर माहिती-केंद्रांसाठीच्या चिप आणि जोडणी-यंत्रणेतून आले. ज्या खेळांच्या कार्डांवरून हे युद्ध पेटले, त्यांचा वाटा ११.३५ अब्ज डॉलर, म्हणजे दहा टक्क्यांहूनही कमी होता.

भाऊबंदकी आणि सामाईक भट्टी

एएमडी संपली, असे मात्र समजू नये. ऑक्टोबर २०१४मध्ये लिसा सू यांनी सूत्रे हाती घेतली तेव्हा कंपनीच्या अस्तित्वाविषयीच शंका घेतली जात होती. २०१३च्या 'प्लेस्टेशन ४' आणि 'एक्सबॉक्स वन' या दोन्ही खेळ-यंत्रांना चिप पुरवण्याचे काम एएमडीकडे असल्याने ती तग धरून राहिली. पुढे 'रायझन' प्रोसेसरच्या बळावर तिने इंटेललाच घाम फोडला. प्रोसेसरच्या युद्धात शून्यातून उभी राहिलेली ही कंपनी ग्राफिक्सच्या युद्धात मात्र मागेच राहिली. प्रोसेसरच्या बाजारात भाषेची भिंत नव्हती. इंटेलसाठी लिहिलेले सॉफ्टवेअर एएमडीच्या प्रोसेसरवर जसेच्या तसे चालते. माल चांगला आणि स्वस्त असला की ग्राहक दुसऱ्या दुकानात जाऊ शकतो. कुडामध्ये लिहिलेल्या सॉफ्टवेअरच्या बाबतीत ही सोय नाही.

गमतीचा भाग असा की, हुआंग आणि सू दोघेही तैवानमध्ये जन्मलेले आणि एकमेकांचे दूरचे नातलग. भाऊबंदकीचा हा प्रकार आपल्याला नवा नाही. पण भाऊबंदकीत निदान शेते तरी वेगळी असतात. येथे दोघांच्या सर्वोत्तम चिप तैवानच्या टीएसएमसी या एकाच कंपनीच्या भट्टीतून निघतात. तेथील उत्पादनक्षमता कोणी किती आधी आणि किती पैसे मोजून राखून ठेवली, यावरही आता स्पर्धेचा निकाल ठरतो. पैसा ज्याच्याकडे अधिक, त्याच्याकडे क्षमताही अधिक, असे हे वर्तुळ आहे.

या सगळ्यात मूळचा ग्राहक, म्हणजे खेळ खेळणारा तरुण, बाजूला पडला. २०१७-१८ आणि पुन्हा २०२०-२१मध्ये आभासी चलनाच्या 'खाणकामा'साठी कार्डे अक्षरशः पळवली गेली. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून न्यूयॉर्कपर्यंत छापील किमतीत कार्ड मिळणे दुरापास्त झाले. २०२२मध्ये 'इथेरियम'ने आपली पद्धत बदलली आणि तो ज्वर ओसरला, पण किमती जुन्या पातळीवर परतल्या नाहीत. २०१७मध्ये एनव्हिडियाचे वरच्या श्रेणीतील 'जीटीएक्स १०८० टीआय' ६९९ डॉलरना आले होते. २०२५च्या 'आरटीएक्स ५०९०'ची जाहीर किंमत १,९९९ डॉलर होती. कारखान्यातील वाढलेला खर्च हे त्याचे एक कारण आहे. पण त्या पिढीत एएमडीने सर्वांत वरच्या श्रेणीत कार्डच आणले नाही, हे दुसरे कारण. २००८मध्ये २९९ डॉलरच्या एका कार्डाने जे घडवले, ते घडवायला समोर कोणी उरलेले नव्हते.

पुण्याचा अनुभव

हा प्रश्न केवळ खेळांच्या शौकिनांचा असता, तर त्याकडे दुर्लक्ष करता आले असते. पण ही चिप आता राजनीतीचे हत्यार झाली आहे. ऑक्टोबर २०२२मध्ये अमेरिकेने चीनला प्रगत चिप विकण्यावर निर्बंध घातले. पुढील वर्षी ते आणखी कडक केले. एप्रिल २०२५मध्ये चीनसाठी मुद्दाम बनवलेल्या 'एच२०' या चिपलाही परवान्याची अट लागली आणि ऑगस्टमध्ये विक्रीच्या १५ टक्के रक्कम सरकारला देण्याच्या बोलीवर ती वाट मोकळी झाली. या अटीतून एनव्हिडिया सुटली नाही आणि एएमडीही नाही. भारतालाही या राजकारणाची झळ लागता लागता राहिली. जानेवारी २०२५मध्ये बायडेन प्रशासनाने जगातील देशांची तीन गटांत विभागणी करणारा नियम जाहीर केला. निकटच्या १८ मित्रदेशांत भारताचे नाव नव्हते. म्हणजे किती चिप घेता येतील, यावर मर्यादा येणार होती. मे महिन्यात ट्रम्प प्रशासनाने तो नियम रद्द केला.

पुणेकर वाचकांना यात जुन्या कथेची पुनरावृत्ती दिसेल. १९८०च्या दशकात अमेरिकेने 'क्रे' महासंगणक देण्यास नकार दिला, तेव्हा १९८८मध्ये पुण्यात 'सी-डॅक'ची स्थापना झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१मध्ये 'परम ८०००' उभा राहिला. अनेक छोटे प्रोसेसर एकत्र जोडून मोठे गणित सोडवण्याची त्याची पद्धत, म्हणजे पुन्हा रांगोळीच्या मैदानावरची ती मुलेच. त्याच सी-डॅकचा 'परम सिद्धी-एआय' नोव्हेंबर २०२०मध्ये जगातील पाचशे महासंगणकांच्या यादीत ६३वा आला. तो एनव्हिडियाच्या चिपवर उभा आहे. नकारातून जन्मलेली संस्थाही तीस वर्षांनी पुन्हा परक्या चिपकडे वळली. यात सी-डॅकचा दोष काढता येणार नाही. साऱ्या जगाने तेच केले. एनव्हिडियाचे एक मोठे अभियांत्रिकी केंद्रही पुण्यातच आहे. म्हणजे बुद्धी येथील लागते. मालकी तेवढी दुसरीकडे राहते.

केंद्र सरकारने मार्च २०२४मध्ये सुमारे १०,३७२ कोटी रुपयांच्या 'इंडिया एआय' मोहिमेला मंजुरी दिली. संशोधक आणि नवउद्योगांना सवलतीच्या दरात जीपीयू उपलब्ध करून देणे हा तिचा गाभा आहे. जानेवारी २०२५मध्ये जाहीर झालेल्या १८,६९३ चिपपैकी सुमारे तेरा हजार चिप एनव्हिडियाच्या 'एच१००' या एकाच जातीच्या होत्या. यादीत एएमडीच्या चिपही आहेत, ही चांगली गोष्ट. पण दोन दुकानांतून माल घेतला म्हणजे आपण एका दुकानाचे मिंधे राहिलो नाही, असे होत नाही. त्यावर लिहिले जाणारे सॉफ्टवेअर कोणत्या भाषेत आहे, यावर ते ठरते.

भिंत अभेद्य आहे का?

एनव्हिडियाच्या बाजूनेही बोलायला हवे. कोणी मागितले नव्हते तेव्हा तिने जोखीम पत्करली, वर्षानुवर्षे नफ्याला कात्री लावून विद्यापीठांत आपली भाषा रुजवली. त्याचे फळ तिने खाल्ले, तर त्यात अन्याय नाही. शिवाय तिची आघाडी आता केवळ भाषेची नाही. २०२०मध्ये मेलॅनॉक्स ही कंपनी ताब्यात घेतल्यापासून हजारो चिप एकत्र जोडण्याच्या तंत्रातही ती पुढे आहे.

पण ग्लाइडचा इतिहास विसरता येत नाही. ग्लाइड पडली ती अधिक चांगल्या कार्डामुळे नव्हे. तिच्यावरच्या मजल्यावर सर्वांना समान अशी भाषा आली म्हणून पडली. आज तसे काही घडण्याची चिन्हे आहेत. कृत्रिम बुद्धिमत्तेचे बहुतेक संशोधक थेट कुडामध्ये लिहीत नाहीत. ते 'पायटॉर्च'सारख्या खुल्या प्रणालीत लिहितात आणि खाली कोणती चिप आहे, हे ती प्रणाली सांभाळते. गुगल २०१५पासून स्वतःच्या 'टीपीयू' चिप वापरत आहे. ओपनएआयसारख्या बड्या ग्राहकांना एकाच पुरवठादारावर विसंबणे परवडणारे नाही, आणि एएमडीच्या दहाव्या हिश्श्याचा तो करार हे त्याचेच द्योतक आहे. फरक एवढाच की, १९९०च्या दशकात विंडोजचा मालक म्हणून मायक्रोसॉफ्टला समान भाषा लादता आली. आज तेवढ्या अधिकाराचा कोणी नाही. त्यामुळे ही भिंत कोसळण्यापेक्षा हळूहळू झिजण्याची शक्यता अधिक.

या झिजण्याला हातभार लावणे आपल्या हाती आहे. स्वतःची प्रगत चिप बनवायला भारताला अनेक वर्षे आणि अफाट पैसा लागेल. भाषेच्या बाबतीत मात्र आजच काही करता येईल. करदात्यांच्या पैशातून मिळणाऱ्या जीपीयूवर जे सॉफ्टवेअर लिहिले जाईल, ते निदान दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या चिपवर चालले पाहिजे, अशी अट सरकारला घालता येईल. अभियांत्रिकी महाविद्यालयांत केवळ एका कंपनीची भाषा न शिकवता खुल्या प्रणालीही शिकवता येतील. कुडाचा विजय अखेर विद्यार्थ्यांच्या टेबलावरच झाला होता, आणि तिला पर्याय उभा राहायचा असेल, तर तोही तेथूनच राहील. त्यासाठी लागणारा खर्च दहा हजार कोटींच्या मोहिमेत नगण्य आहे. एच१००ची पुढची खेप मागवण्यापूर्वी संबंधितांनी एवढी अट निविदेत घातली, तरी तीस वर्षांच्या या युद्धातून आपण काही शिकलो, असे म्हणता येईल.